रोहा ते जोहे : एक पाट परत आणायला

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे की मी पावसाळी भटकंतीबद्दल लिहिते, मिसळीला गुण देते आणि रस्त्यांना शिव्या देते. या वेळी मिसळ खाल्ली नाही. शिव्या आहेत, त्या यथावकाश येतील.

निघायचं कारण म्हणजे आईचं एक वाक्य. आषाढ लागला त्या आठवड्यात, भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "जोहेला जाऊन पाट घेऊन ये. यंदा आपल्याकडे गणपती नाही." गुरुजींनी साधेपणाने आणा म्हणून सांगितलं होतं, म्हणजे अडचण शास्त्राची नव्हती. तिलाच नको होता. यंदाच नव्हे, यापुढेही नको. ठाण्याला काकांकडे बसू दे, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. काकाही हो म्हणाले होते. एकदा खंड पडला की तो पडतोच, हे मला कळत होतं, पण तीन महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईशी काय वाद घालायचा?

पाटाचं थोडं सांगते. आमच्या रायगडात बरीच घरं दुकानातून मूर्ती आणत नाहीत. घरचा लाकडी पाट काही महिने आधी मूर्तिकाराच्या कारखान्यात नेऊन द्यायचा आणि त्या पाटावरच आपला गणपती घडतो. आमचा पाट फणसाचा, कोपऱ्याला गरम कढईचा काळा डाग असलेला. होळीच्या सुमाराला बाबांनी तो पेणजवळच्या जोहेला, आमच्या मूर्तिकाराकडे नेऊन दिला आणि चैत्रात बाबा गेले. सकाळी चहा पिताना, खुर्चीत, पायात चपला घातलेल्या. ज्या माणसाला घरात गाठणं मुश्कील, तो नेमका घरात गेला. गावातल्या अर्ध्या लोकांचा त्यावर विश्वासच बसेना.

बाबा धाटावच्या एमआयडीसीत कंपनीत शिफ्ट करायचे. शिफ्ट संपली की मोकळे, आणि निवृत्तीनंतर तर काय, मोकळं रानच. कोथिंबीर आणायला म्हणून गेलेला हा माणूस संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाचं जेवून यायचा. एकदा पेणला डोळे तपासायला गेले आणि एसटीत शेजारी बसलेल्या माणसाबरोबर गागोद्याला गेले, कारण त्याच्या घरी पूजा होती. रात्री हातात प्रसाद आणि डोळे तसेच. आई बोल बोल बोलायची. ते ऐकून घ्यायचे आणि पिशवीतून पेणचे पोहे काढून तिच्यापुढे ठेवायचे. पण आमच्या शाळेचं गॅदरिंग, आईचं ऑपरेशन, माझं बाळंतपण, यातलं एकही त्यांनी चुकवलं नाही. घरावर त्यांचा जीव होता, पाय मात्र घरात ठरत नसत.

पाट द्यायला होळीला आणि मूर्ती बघायला आषाढात, अशा त्यांच्या जोहेच्या दोन वाऱ्या ठरलेल्या. आषाढातली फेरी दिवसभराची. एवढ्याशा अंतराला दिवस कसा लागतो, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही फक्त चेष्टा केली.

मी ठरवलं होतं की सरळ जायचं, पाट घ्यायचा, दुपारी परत. रोह्याच्या स्टँडवरून सकाळची एसटी पकडली. रेल्वेनंही जाता येतं, हमरापूरला स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच. वेळ बघून मगच निघा. भिसे खिंडीपर्यंत रस्ता बरा आहे. खिंडीत धुकं उतरलं होतं आणि खिडकीची काच वर जात नव्हती, म्हणून माझा डावा खांदा नागोठण्यापर्यंत भिजला. एरवी याच खिंडीचे मी दहा फोटो टाकले असते. त्या दिवशी फोन बाहेर काढावासा वाटला नाही.

नागोठण्याला गाडी चहासाठी थांबली. स्टँडजवळ निळ्या ताडपत्रीखाली एक चहाची गाडी आहे, शेजारी कांदाभजी. गाडीवरचे दाढीवाले गृहस्थ माझ्याकडे टक लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "काय गो, तू रोह्याच्या दादाची ठमी काय?"

ठमी हे मला फक्त बाबा म्हणायचे. मी हो म्हटलं.

"नाक त्याचाच हाय. मग हाय कुठं तो? आखाड लागला तरी पत्ता नाय यंदा."

त्यांना माहीत नव्हतं. त्यांचं नाव रशीदचाचा. बरीच वर्षं आखातात नोकरी करून आलेले, आणि बाबांची त्यांची ओळख याच ताडपत्रीखालची. बाबांच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना आम्ही कळवलं होतं. पण ज्यांना बाबा नुसते जाऊन भेटायचे, त्यांचे नंबर कुठून असणार? मी सांगितलं. शब्द कसे निघाले ते आठवत नाही. चाचांनी गॅस बंद केला आणि ते उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. गिऱ्हाईक चहा मागत होतं, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हणून खूण केली.

"आमाला कुनी सांगितला नाय," ते म्हणाले. रागानं नाही. मला मात्र ते लागलं.

कंडक्टरनं घंटी मारली. मी हलले नाही आणि माझी एसटी माझ्यादेखत गेली. मग चाचांनी पुन्हा गॅस पेटवला, आम्ही चहा प्यायलो आणि त्यांनी मला बाबांच्या गोष्टी सांगितल्या. गाडीवर गर्दी झाली की बाबा पंचा खांद्यावर टाकून कप विसळायला लागायचे. एका ईदेला तर दोन घास खायला म्हणून आले आणि चाचांच्या नातवाला पोहायला शिकवून गेले. आमच्या घरी यातलं काहीच पोहोचलं नव्हतं. बाप वारल्यावर त्याच्याबद्दल नवं काही ऐकायला मिळणं हे सुख आहे की दु:ख, मला अजून सांगता येत नाही. त्या वेळी तरी ते नुसतं दुखत होतं.

चाचांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढची गाडी त्यांनीच हात दाखवून थांबवली.

नागोठण्यापासून पुढे महामार्ग. त्याचं काम चालू आहे, एवढंच म्हणते. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हाही चालू होतं, आता ती कॉलेजात आहे. वडखळपर्यंत एसटी खड्ड्यांतून होडीसारखी डुलते. कंबरेचं दुखणं असलेल्यांनी मागच्या सीटवर बसू नये. दोन्हीकडे लावणी चालली होती आणि इरलं जवळपास संपलंय, सगळ्या बायका प्लास्टिक पांघरून वाकलेल्या. पेणला उतरले तर पाऊस असा की स्टँडवरून समोरचं दुकान दिसत नव्हतं. एक वडापाव खाल्ला. गुण देत नाही, मला चवच लागली नाही. पोह्यांच्या दुकानापुढून जाताना पाय आपोआप थांबले आणि मी अर्धा किलो पोहे घेतले. आई आता ते कुणाच्या नावानं करणार, हा विचार पिशवी हातात आल्यावर आला.

पेणहून जोहेला एसटी आहे, नाही मिळाली तर हमरापूर फाट्यापर्यंत शेअर रिक्षा. गावात शिरलं की घरं कुठली आणि कारखाने कुठले ते कळत नाही. ओसरीवर, पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये, जिकडे बघावं तिकडे गणपती. काही पांढरे, काही नुसते पिवळं पीतांबर नेसलेले, बहुतेकांना अजून डोळे नाहीत. तुम्ही गेलात तर फोटोआधी विचारा आणि कच्च्या मूर्तीला हात लावू नका. हंगामात त्या लोकांना मान वर करायला फुरसत नसते.

आमचे मूर्तिकार म्हणजे पांडूकाका, त्यांचा कारखाना तळ्याच्या बाजूला. उघडेबंब, गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेले पांडूकाका एका मोठ्या मूर्तीची सोंड घासत होते. बाबांची बातमी इथे पोहोचली होती, ठाण्याच्या काकांनीच फोन केला होता. मी आईचा निरोप सांगितला. ते उठले, मला आत घेऊन गेले आणि खालच्या फळीकडे बोट दाखवलं.

आमचा पाट. कोपऱ्यावर कढईचा डाग. आणि त्यावर शाडूची आमची मूर्ती, करडी, ओलसर, बिनडोळ्यांची.

"कच्ची हाय," पांडूकाका म्हणाले. "रंग नाय, डोळ्यांची आखणी नाय. अजून मातीच हाय ती, पाप नाय लागत. सांगाल तर आता काढतो नि पाट धुवून देतो."

काढतो म्हणजे काय, ते मला उमगायला एक क्षण लागला. मोडून, भिजवून, परत मातीच्या गोळ्यात. मी पाट आणायला निघाले होते. पाटावर काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "याला उंदीर नाही?"

"तुमचा उंदीर आमी नाय करीत. तो दादा करायचा."

इथे आमच्या उंदराबद्दल सांगायला हवं. आमचा गणपती दरवर्षी देखणा आणि उंदीर दरवर्षी भयाण. एका वर्षी तो बटाट्यासारखा होता, एका वर्षी शेजाऱ्यांच्या मांजरासारखा. गणपती घरात आला की आधी आरती नव्हे, आधी उंदीरदर्शन. ठाण्याचे काका त्याला जोहेची घूस म्हणायचे, पोरं लोळून हसायची, आणि आई बाबांवर डाफरायची की इतके पैसे मोजता आणि दरवर्षी फसवून घेता. बाबा खाली मान घालून म्हणायचे, "पुढच्या वर्षी बोलतो मी त्याला."

पांडूकाकांनी मला ते पोतं दाखवलं ज्यावर बाबा बसायचे. दुपारभर एक उंदीर. पांडूकाकांनी कितीदा सांगितलं की साच्यातला देतो, दोन मिनिटांचं काम. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं की साच्यातल्या उंदराला घरात कोण हसणार? पांडूकाका हे कामाच्या गडबडीत, सोंड घासत घासत सांगत होते. मी गणपतीकडे तोंड करून रडून घेतलं. कारखान्यात कुणी बघितलं नाही, किंवा बघितलं असलं तरी दाखवलं नाही.

मग मी माती मागितली.

शाडू हाताला गार लागतो आणि वाटतो तितका ऐकत नाही. शेपूट सारखं तुटत होतं. पोट झालं तर मान बसेना. मुद्दाम वाईट करावं लागेल असं वाटलं होतं, पण तसली काही गरज पडली नाही. पांडूकाकांनी एकदा येऊन पाहिलं आणि पाठ फिरवली. निघताना त्यांनी उंदीर ओल्या फडक्यात गुंडाळला, वर प्लास्टिक. म्हणाले, "आईला दाखवा. ठेवायचा असंल तर आठ दिसांत आनून द्या. नसंल तर फोन करा, पाट काढून ठेवतो."

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर धरून बसले. नागोठण्याला अंधारून आलं होतं, ताडपत्री बांधून चाचा घरी गेले होते. घरी पोहोचले तेव्हा आई दारातच होती.

"पाट कुठाय?"

मी पिशवीतून पोहे काढून टेबलावर ठेवले, मग फडकं सोडलं. आईनं उंदीर उचलून खालून-वरून पाहिला. मग ती आत गेली, वाटीत पाणी घेऊन आली, उंदराच्या बुडाखालची चिमूटभर माती काढली आणि ओल्या बोटानं त्याच्या कानाला लावायला लागली.

"त्यांचा डावा कान मोठा असायचा," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"दर आषाढात शर्टाच्या बाह्यांना शाडू. या घरात धुणं कोण करत होतं?"

"मग दरवर्षी ओरडायचीस ती?"

तिनं कान नीट दाबून बसवला. "मी ओरडले नसते तर त्यांनी कुणासाठी केला असता?" आणि चैत्रापासून कोरडी राहिलेली माझी आई तिथेच, मातीचे हात तसेच धरून, रडायला लागली.

पाटाचा विषय त्यानंतर निघाला नाही. झोपण्यापूर्वी तिनं एवढंच सांगितलं की ऊन पडलं तरी उन्हात ठेवू नकोस, तडा जातो. आणि रविवारी जोहेला मीही येते. ठाण्याला काकांना फोनही तिनंच केला. नागोठण्याला थांबायचंय, हे मी तिला सांगितलंय. चाचांचा नंबर या वेळी घेणार आहे.

तुमच्यापैकी कुणी या वाटेनं जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि कुठेतरी अधेमधे उतरा. मला ही फेरी आनंदाची झाली असं म्हणता येत नाही. बाबा परत भेटले वगैरे काही नाही. ते गेलेत, हे उलट जास्त कळलं, आणि किती घरांतून गेलेत तेही.

उंदीर स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळतोय. खरोखर वाईट झालाय. बाबा असते तर पोट धरून हसले असते. आम्ही दोघी येता जाता त्याच्याकडे बघतो, पण अजून हसलेलो नाही. गणपतीला अजून दीड महिना आहे.