आक्काच्या लघवीची बाटली

मंडळी, आज बेळगावच्या लॅबमध्ये मुलीनं विचारलं, "काका, लघवी किती वाजता धरली?" मला ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा आठवला.

थोरली आक्का सारखी पाणी प्यायची, वाळत चालली होती. तिच्या लघवीची बाटली घेऊन मी निपाणीच्या स्टँडवर आलो. बेळगावची बस आलीच नाही. दिवसभर उन्हात तापलेली तीच बाटली मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दिली.

"साखर न्हाय," लॅबवाले म्हणाले. आम्ही निर्धास्त झालो.

आठवड्यात आक्का बेशुद्ध पडली. दवाखान्यात ताजी लघवी तपासली, तर साखर भरपूर.

मी डॉक्टरांना आधीच्या तपासणीची हकिगत सांगितली. "पहिली बाटली उन्हात होती? मग जंतूंनी साखर खाल्ली असेल," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांचे पाय धरले. "कायबी करा, आक्काला वाचवा!"

आक्का गेली. बाटली उन्हात राहिल्याचं मी आईला कधीच सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?