भरून आलेली कातडी

मी महाडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. सोमवारी सकाळच्या एसटीत पोलादपूरला एक शेतकरी चढून माझ्या शेजारी येऊन बसायचा. आंबेनळीच्या वरच्या अंगाला वाडी, घरी गुरं आणि थोडी शेती. कॅन्सरच्या शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, आठवडाभर मुंबईला राहायचा, शनिवार-रविवार घरी. शेकानं भाजून सोललेल्या मानेवर, कानाखालच्या छोट्या गाठीभोवती, शेकाची जागा दाखवणाऱ्या जांभळ्या शाईच्या खुणा होत्या. त्या पुसू नयेत म्हणून कॉलर दोन बोटांनी लांब धरून बसायचा.

“एवढा शेक बसतो, मंग चांगलं मांस वाचतं कसं?” त्यानं एकदा विचारलं.

मला शिकवायची खोड. सांगितलं, शेकानं पेशीच्या आतला धागा, डीएनए, तुटतो. चांगली पेशी थांबते, धागा सांधते, मगच वाढते. कॅन्सरच्या पेशीला ते नीट जमत नाही. म्हणून मध्ये शनिवार-रविवार शेकाला सुट्टी देतात.

“आमी पन बांध घातला की मुरू देतो, मगच पानी सोडतो,” तो म्हणाला. असा विद्यार्थी वर्गात नाही, असं मला वाटलं.

पुढचे चार सोमवार तो आला नाही. पाचव्या सोमवारी दिसला तेव्हा कॉलर धरलेली नव्हती. शाई गेली होती आणि कानाखालची गाठ लिंबाएवढी झाली होती.

“चांगल्या पेशींना जास्ती दिस दिले, म्हयनाभर शेकाला गेलोच नाय. परवा दाखवून आलो तर डाक्टर बोलतो उशीर झाला, आता शेक नाय देनार. पन तुमी सांगितलं तसंच झालं, गुरुजी. चांगलं मांस भरून आलं.”

कॅन्सरच्या पेशी दुरुस्तीसाठी थांबत नाहीत, तुटक्या धाग्यानिशी वाढत राहतात आणि सुट्टी त्यांनाही मिळते, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. त्या दिवशीही मी ते सांगितलं नाही. महाड येईपर्यंत तो मानेवरची नवी कातडी बोटानं चाचपत होता.