चांदपाशाचं विसरणारं मशीन

लातुरात क्लासवाल्यांच्या बोळात चांदपाशाचं टायपिंगचं दुकान होतं. शेजारी माझं बाइंडिंगचं. पेपर फुटायचं भ्या क्लासवाल्यांना लई, म्हणून त्याच्या मशीनला हार्डडिस्कच ठेवलेली नव्हती. डीव्हीडीवरून चालायचं, त्याचे जादा फॉन्ट तेवढे एका पेनड्राइव्हवर. डीव्हीडीवर नवं काही लिहिता येत नाही, त्यामुळं प्रिंट काढून मशीन बंद केलं की सगळं पुसलं. सर बोलायचे, हा टाइप करायचा. आधी कच्चं कागदावर उतरवणं या गड्याला कमीपणाचं वाटायचं. मी कितीदा टोकलं, पण आमचं ऐकतो कोण!

भूकंपाला पंचवीस वर्षं होत होती, तेव्हा किल्लारीकडचे ग्यानोबामामा आले. त्यांना आपल्या आळीतल्या मेलेल्यांची नावं दगडावर कोरायची होती. सरकारी यादीत निम्म्यांची नावं चुकलेली. आळीतलं सगळं ठाऊक असणारे तेवढे एकटेच उरलेले, आणि त्यांना लिहिता येत नव्हतं.

मामांनी एक्केचाळीस नावं सांगितली, घरागणिक, बापाच्या नावासकट. मग ठळक टाइप लावायला चांदपाशानं फॉन्टांची यादी उघडली, आणि मशीन हँग झालं. बंद करून चालू केलं. नावं गेली.

मामा पाणी पिऊन पुन्हा पहिल्या घरापासून सुरू झाले. या वेळी चांदपाशानं मधेमधे सेव्ह केलं, पण पेनड्राइव्हवर नाही, समोर डेस्कटॉपवरच. ते सगळं मशीनच्या मेमरीतलं, बंद केलं की जाणारं. फॉन्टांची यादी उघडली, पुन्हा तेच. मला इतका राग आला की त्याला मी मामांसमोरच झापलं.

मग तो नीट कामाला लागला. फॉन्टांची यादी मशीन दर वेळी मेमरीत नव्यानं बनवतं, तिथंच काहीतरी अडत होतं. त्यानं पेनड्राइव्हवरचे आपले सगळे फॉन्ट काढले आणि एकेक टाकून पाहिला. सातवा खराब निघाला, तो फेकला. यादी सुरळीत उघडली. तरीबी त्यानं माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला.

"मामा, माफ करा. अजून एक डाव सांगावं लागंल."

मामांनी सांगितलं. त्यानं आधी कागदावर घेतलं, मग टाइप केलं. एक्केचाळीस झाली. मामा उठले नाहीत.

"अजून एक हाय," ते म्हणाले. "माझी लेक. अकरा दिवसांची. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. तिच्या मायनं नाव ठरवलं होतं, उज्ज्वला. ते आम्हा दोघांनाच ठावं, अन् आता मी एकटाच ऱ्हायलो. बारसं न झालेल्या लेकराचं नाव दगडावर कसं घालायचं, म्हणून बोललो न्हाई. पण दोन डाव नावं गेली तवा भ्या वाटलं. माझ्यामागं तिचं नाव कोण सांगंल?"

चांदपाशानं टाइप केलं, पेनड्राइव्हवर ठेवलं, कागद काढून मामांच्या हाती दिला. तिचं नाव कुठलं, मामांनी विचारलं. मी ओळ दाखवली. मामांनी तिथं बोट ठेवलं ते ठेवलंच. किल्लारीची एसटी निघून गेली.