एस्तेरचा पाय आधी गेला होता

थॉमसभाऊंचा फोन आला तेव्हा मी कैऱ्यांच्या फोडींना मीठ लावत होते. "बाई, एस्तेरबाई गेल्या," एवढंच ते म्हणाले. थॉमसभाऊ त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीची व्यवस्था बघतात. दुपारी जेवून खुर्चीत बसली ती उठलीच नाही, असं त्यांनी मागाहून सांगितलं. मला धड रडूही येईना... आणि तोंडातून आलं ते भलतंच. "तिला तिच्या पायाशेजारी ठेवायचंय," मी म्हटलं. मैत्रीण गेली आणि म्हातारी भ्रमिष्ट झाली, असंच त्यांना वाटलं असणार. त्या पायाची हकिगत जाणणारी मी एकटीच उरले आहे, हे मला तेव्हा कळलं. आणि तिथेच पुरायचं, असं वचन तिने माझ्याकडून घेतलं होतं.

एस्तेर आणि मी एकाच शाळेत शिकवलं, ती गणित, मी मराठी. लग्न तिने केलं नाही. नातेवाईक म्हणजे एक भाचा, तोही आखातात. मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला निघालो की ती पुढे आणि मी धापा टाकत मागे, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. चालणं हाच तिचा षोक, आणि साखरेचा आजार झाल्यावरही ती गुर्मीतच चालत राहिली. निवृत्तीनंतर एकदा कातळावर तिच्या टाचेला जखम झाली, ती तिला कळलीच नाही. कळली तेव्हा उशीर झाला होता. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न केला तो, पाय कुठे आहे. त्याची विल्हेवाट इस्पितळच लावतं, असं नर्स सांगू लागली. "विल्हेवाट कसली? माझा आहे, मला द्या," एस्तेर म्हणाली. मी तिला समजावायला गेले तर माझ्यावरच उखडली.

"अगो, पुरणार आहे मी तो, आमच्या दफनभूमीत. बाकीची मी येईपर्यंत तो जागा धरून बसेल."

एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून लोक जागा धरतात, तशातलाच हा प्रकार. तेव्हाचे त्यांच्या चर्चचे वृद्ध पाळक बिचारे पेचात पडले. आख्ख्या माणसाच्या अंत्यविधीची प्रार्थना त्यांना पाठ होती, नुसत्या पायाची कुठून असणार? पण एस्तेरपुढे कोणाचं कधी चाललंय! तिच्याच पांढऱ्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेला तो पाय मी आंब्याच्या लाकडी पेटीत घालून रिक्षाने नेला. रिक्षावाला म्हणाला, यंदा हापूस लवकर आला वाटतं. मी हो म्हटलं. पाळकांनी चार शब्द म्हटले, पेटी खाली गेली, वर सिमेंटचा हातभर क्रूस बसला. नाव घालायचं नाही, अशी एस्तेरची ताकीद होती. मी पूर्ण आले की घाला.

मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं आणि मी तिला तसं तोंडावर सांगायचे. आमच्याकडे देह म्हणजे जुनेर. फाटलं की टाकलं, जाळलं, अस्थी समुद्रात, संपलं. यावर ती भडकायची. देहाला जुनेर म्हणू नकोस, याच देहाने मी चालले, शिकवलं, तुझ्याशी भांडले, तो काय बोहारणीला द्यायचा आहे? तिचं म्हणणं होतं, शेवटच्या दिवशी देहच उठणार, फक्त तो गौरवी असेल, न दुखणारा, न कुजणारा. तिच्या मंडळीतली माणसंही भेटायला येऊन धीर द्यायची, की तिथे तुम्हाला नवा पाय मिळेल. तेही तिला सोसायचं नाही. नवा कशाला? प्रभू उठला तो हातावरच्या खिळ्यांच्या खुणांसकट उठला, त्याने त्या खोडून नाही टाकल्या. मला माझाच पाय हवा, टाचेवरच्या जखमेसकट.

एकदा तिने मला आंब्याचा दाखला दिला. कोय पुरतेस तेव्हा वर कोय येते का? झाड येतं. मी बागायतदाराची मुलगी, मी कशी ऐकून घेईन! मी म्हटलं, "कोयीतून रायवळ येतो, बाई. हापूसला कलम बांधावं लागतं."

"मग बांधणारा आहेच की," ती शांतपणे म्हणाली.

त्या बिननावाच्या क्रुसामुळे एक घोटाळा झाला होता. ईस्टरच्या पहाटे त्यांची सगळी मंडळी दफनभूमीत जमते, कबरी झाडतात, फुलं आणि मेणबत्त्या लावतात. मार्थाताई म्हणून त्यांच्यातल्या एक. त्यांचं तान्हं बाळ फार पूर्वी मुंबईत गेलं, तिथेच कुठेतरी पुरलं आणि पुढे ती जागाही राहिली नाही. हातभर क्रूस बघून त्यांना वाटलं, हे कोणाचं तरी बेवारस बाळ आहे. दर ईस्टरला त्या तिथे अबोलीची वेणी आणि बिस्किटाचा पुडा ठेवू लागल्या. मी खरं सांगायला निघाले तर एस्तेरने मला अडवलं. "तिला फुलं ठेवायला जागा हवी आहे. माझा पाय काही तक्रार करत नाही." आणि कुबड्या टेकत ती दरवर्षी मार्थाताईंसोबत तिथे उभी राहायची.

आता तेच नडलं. मी तो हातभर क्रूस दाखवला तर थॉमसभाऊ म्हणाले, तिथे कोणाचं तरी मूल आहे, ती जागा उकरता येणार नाही. एस्तेरबाईंना पलीकडच्या कोपऱ्यात देऊ. वृद्ध पाळक कधीच गेलेले. एस्तेर पेटीत, माणसं जमलेली, ऊन डोक्यावर, आणि समोर मार्थाताई... त्यांच्या देखत बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण वचन ते वचन.

"तिथे मूल नाही. एस्तेरचा पाय आहे. मी स्वतः आणला होता."

कोणी हसलं नाही, कोणाचा विश्वासही बसला नाही. शेवटी, उघडून बघू, असं ठरलं. खणणाऱ्या गड्याने पहार घातली. जांभ्याची माती ती, निघता निघेना. बरंच खोल गेल्यावर त्याने मान वर केली. "बाय, हितं तं कायच नाय."

खरंच काही नव्हतं. हाड नाही, पातळाचा धागा नाही, पेटीची ढलपीही नाही. नुसती तांबडी माती. आमची जमीन अशीच, सगळं खाऊन बसते. थॉमसभाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, रिकामी आहे हो."

मला काय झालं कोणास ठाऊक. कधी देवाला हात न जोडणारी मी, त्या ख्रिस्ती माणसांमध्ये उभी राहून बोलले, "रिकामी आहे म्हणून तुम्ही घाबरलात, थॉमसभाऊ? मग ईस्टरला पहाटे इथे येता ते कशाला? तुमची सुरुवातच प्रभूच्या रिकाम्या कबरीपासून झाली ना?"

मग मार्थाताई पुढे आल्या. डोळे भरलेले, पण आवाज ठाम होता. "खणा. बाईंना इथेच ठेवा. इतकी वर्षं माझ्यासाठी गप्प राहिल्या त्या." थॉमसभाऊंनी गड्याला खूण केली. एस्तेर आपल्या जागेवर गेली.

तिच्या कुबड्या मात्र वर राहिल्या. त्या पेटीत घालू नका, असं तिनेच बजावून ठेवलं होतं, म्हणून मी घरी आणल्या आणि पडवीत भिंतीला टेकवल्या. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. मेलेलं माणूस परत उठतं हे मला आजही पटत नाही. गेल्या आठवड्यात शेजारची सुमन मोरीत घसरून पडली, पाय प्लास्टरमध्ये. मी कुबड्या नेऊन दिल्या तर ती घ्यायला कचरली. गेलेल्या माणसाची वस्तू, बरं दिसत नाही, म्हणाली.

"घे गो," मी म्हटलं. "तिला आता लागत नाहीत."