उत्तम शुक्रवारची साबुदाणा खिचडी

प्रभू आपलं ऐकतो की नाही, ही शंका साठी ओलांडल्यावर यावी, हे लिहितानाही लाज वाटते. पण आली. माझी करुणा आमच्याच शहरात, शाहपुऱ्यात, निखिलबरोबर लग्नाशिवाय राहायला गेली, तेव्हापासूनच आली. "आजकाल सगळेच राहतात, मम्मी." सगळे राहतात म्हणे! सगळे करतात म्हणून गोष्ट चांगली होते होय? निखिल इंदूरचा, मराठी, हिंदू; आम्ही ख्रिस्ती. त्याच्या धर्माचं मला वावडं नव्हतं. लग्न करा, आशीर्वाद देते, एवढंच माझं म्हणणं. "आत्ता नको," असं उत्तर आलं आणि माझं डोकं फिरलं. "मग मी तुझ्या दारात पाय ठेवायची नाही, आणि तूही इकडे फिरकू नकोस," असं बोलून बसले. तिचे पप्पा देवाघरी गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो. आता साकेत नगरच्या त्या घरात मी एकटी उरले.

शेजारणी म्हणायच्या, "अहो, आता हे कोण मानतं?" चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, "ठाम राहिलात, शाबास." दोन्ही ऐकून जीव नकोसा व्हायचा. उत्तम शुक्रवारच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळभर रोज गुडघे टेकून मी एकच मागितलं, माझ्या लेकीला त्या मुलाच्या तावडीतून सोडव. फोन काही वाजला नाही. लेक कायमची तुटली, असं वाटून मी रडरड रडले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमधली भक्ती संपेपर्यंत आमच्याकडे पाण्याचा थेंबही घेत नाहीत. दुपारी चर्चमधून बाहेर पडले आणि ऊन असं लागलं की पायरीवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी बाईने मला धरलं, सावलीत बसवून पाणी पाजलं, पदराने वारा घातला. "किसको बुलाऊँ, आंटी?" तिने विचारलं. कुणाला नको, असं म्हणणार होते मी. पण तोंडातून नंबर निघाला तो करुणाचा. तेवढाच मला पाठ. बाईने लगेच लावला. लेक निखिलबरोबर येताना दिसली तेव्हा त्या बाईने माझा हात थोपटला आणि ती गर्दीत निघून गेली. आमच्या मंडळीत तिला मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढेही कधी दिसली नाही. मी काही तर्क लढवत नाही. घडलं ते सांगते.

दोघं मला घरी घेऊन आली. निखिल "आलोच" म्हणून बाहेर गेला. करुणा माझ्या उशाशी बसली, तर तिचे ओठ पार सुकलेले.

"जेवलीस का गं?"

"आज उत्तम शुक्रवार ना, मम्मी."

घर सोडलं म्हणजे पोरीने प्रभूलाही सोडलं, असं मीच धरून चालले होते. तेवढ्यात निखिल डबा घेऊन आला. "काकू, सकाळीच बनवून ठेवली होती मी. साबुदाण्याची खिचडी आहे, उपासाला चालते ना?" अरे देवा! आमच्या उपासाला कसला आलाय साबुदाणा! करुणा खुदकन हसली आणि मलाही हसू फुटलं.

"तू तरी खाल्लीस का?" मी विचारलं.

"ही उपाशी असताना मी कसा खाणार, काकू?"

ताटं वाढली. आमच्याकडे प्रार्थनेशिवाय घास घेत नाहीत. निखिलने आपणहून डोळे मिटले, हात जोडले. आता आली पंचाईत! ज्याच्यापासून सोडव म्हणून रोज मागितलं, तोच शेजारी बसलेला. शेवटी एवढंच बोलले, "प्रभू, ही दोघं तुझी. मी थकले, आता तू बघ."

कितीतरी महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरला. खाताना मी दोघांना स्पष्ट सांगितलं, "लग्नाशिवाय राहणं मला पटत नाही आणि पटणारही नाही. पण हे घर तुमचं आहे, आणि मीही तिकडे येत जाईन." करुणा माझ्या गळ्यात पडून लहानपणीसारखी रडली.

त्यांनी अजून लग्न केलेलं नाही. मी अजून रोज गुडघे टेकते. फक्त आता प्रार्थनेत दोघांची नावं घेते आणि पुढे काय करावं, ते प्रभूला शिकवत नाही.