हॅडच्या नंतरची

भोरात आनंदराव मास्तरांच्या ओटीवर दिवेलागणीला इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकायला येणारी पोरंटोरं नव्हती, कचेरीतले मिशा पिकू लागलेले कारकून होते. इंग्रजी येईल त्याचीच बढती होणार, असं कचेरीत बोललं जात होतं. त्यामुळे दिवसभर मोडीत खर्डेघाशी करून आलेले हे गृहस्थ संध्याकाळी मांडी ठोकून ‘गो, वेंट, गॉन’ घोकायचे.

आत चुलीपुढे मास्तरांची बायको रतन भाकऱ्या थापायची. ती मार्गासनीची, मराठी चौथी पास झालेली, मास्तरांना दुसरेपणावर दिलेली. पहिली बायको वेल्ह्याला वारली होती. मास्तर तेव्हा तिथल्या शाळेवर होते. ती गेल्यावर त्यांनी बदली मागून घेतली आणि भोरात नवं बिऱ्हाड केलं. रतन लग्न होऊन आली ती थेट याच घरात. सवतीच्या नावाचा चांदीचा टाक मात्र तिच्या गळ्यात घातला गेला, रीतच होती ती.

ओटीवरचं इंग्रजी रतनला कळत नव्हतं. भिंतीपलीकडं पाऊस पडावा तसं ते नुसतं कानावर पडायचं. पण एके दिवशी मास्तर म्हणाले, “आता भूतकाळ घेऊ,” आणि त्या पावसात तिला एक ओळखीचा शब्द ऐकू आला.

“धोंडा सँग. धोंडा ब्रोक द पॉट.”

रतनचा हात पिठातच राहिला. धोंडा हे तिच्या सवतीचं नाव. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी ठेवलेलं, यमानं तोंड फिरवावं म्हणून. मास्तर हे नाव घरात कधी घेत नसत. ‘ती’ म्हणत, नाही तर गप्प बसत. आणि इथं चार पुरुषांच्या समोर खणखणीत आवाजात, धोंडा, धोंडा!

मग तिनं कान लावला. वर्तमानकाळात गाय चरायची, राजा राज्य करायचा, पोरगा धावायचा. भूतकाळ आला की गाय, राजा, पोरगा सगळे उठून जायचे आणि धोंडा एकटी यायची.

रतनच्या मनात जळजळ सुरू झाली. तिला लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि मास्तरांनी तिचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. ‘अगं’, ‘ऐकलंस का’, नाही तर नुसतं खाकरणं. सगळेच नवरे असे, हे तिला ठाऊक होतं. पण लग्नातसुद्धा घास भरवताना बायका नाव घ्या म्हणाल्या, तर मास्तर म्हणाले होते, “आता कशाला? बिजवराला काय नाव घ्यायला लावता!” आईबापांनी नाव ठेवलं रतन, ते पडलं पेटीत. आणि धोंडा बघा कशी इंग्रजीत मिरवतेय!

एका रविवारी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “मला बी इंग्रजी शिकवा.”

मास्तर हरखलेच. दुसऱ्याच दिवसापासून दुपारची शिकवणी सुरू झाली. धिस इज अ कॅट. द कॅट ड्रिंक्स मिल्क.

“भूतकाळ कधी लागंल?” रतननं विचारलं.

“अगं, आधी मांजराला दूध तर पिऊ दे!”

“पिऊन झालं की. फुडं चला.”

कधी मास्तरांनी ओटीवरून हाक मारली की ती आतून म्हणायची, “आले!” तेव्हा ते हसायचे. “इंग्रजीत असं म्हणू नकोस हं. आय केम म्हणालीस तर ऐकणारा तुला शेजारी शोधत बसेल. तू तर अजून चुलीपाशीच!” ती हसायची, पण मनात टोचायचं. आपण हिथं जित्याजागत्या, आणि आपला भूतकाळ खोटा. तिचा मात्र खरा.

शेवटी भूतकाळ लागला. पण रतनला शिकवताना धोंडा आलीच नाही. द काऊ एट ग्रास. द काऊ वेंट होम. रतन समजली. माझ्यापास्नं लपवून ठेवलीय तिला! यानं आग जास्तच भडकली.

आता मात्र ओटीवरचा पाऊस नुसता पाऊस राहिला नव्हता, त्यातले थेंब वेगळे होऊ लागले होते. धोंडा दळताना गायची. तिच्या हातून मडकं फुटलं होतं. ती नदीवर धुणं धूत असताना पाऊस आला होता. एवढंच! एवढ्याशा गोष्टी, पण त्यांनी जपून ठेवलेल्या. म्या किती मडकी फोडली, रतनच्या मनात आलं, एक बी वाक्यात गेलं न्हाई.

एका संध्याकाळी कुंडलिक कारकून उठून म्हणाला, “आय हॅड गॉन टु कापूरहोळ यस्टर्डे.”

“हॅड कशाला?” मास्तरांनी विचारलं. “जाऊन आल्यावर पुढं काय झालं?”

“कुठं काय, मास्तर? गेल्तो आन आलो.”

“मग नुसतं वेंट म्हणा. आपण मराठीत गेलो होतो म्हणतो, म्हणून इंग्रजीत हॅड लागत नाही. हॅड एकटं उभं राहत नाही. त्याच्या नंतरचं काही तरी असावं लागतं. हे ऐका, द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम. वैद्य आला नंतर, रोगी आधीच गेला होता.”

आणि ते घाईनं पुढच्या वाक्याकडं वळले. रतनला कळलं. बाकी सगळीकडं धोंडा, आणि इथं तेवढा पेशंट. व्याकरणातसुद्धा त्यांनी तिला मरू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर म्हणाले, “हं, हॅड घालून एक वाक्य कर.”

रतननं ते आधीच जुळवून ठेवलं होतं. “धोंडा हॅड कम बिफोर आय केम.”

मास्तरांच्या हातातलं पुस्तक मिटलं. ते म्हणाले, “बरोबर आहे. हे तुला कुणी सांगितलं?”

“तुमीच. रोज सांजच्याला सांगता. आता येक सांगा, माजं नाव काय हाय?”

“म्हणजे? असं काय विचारतेस?”

“घ्या की येकदा. तिचं घेता तसं.”

मास्तरांनी दाराकडं पाहिलं, खुंटीवरची टोपी काढली आणि ते निघून गेले.

त्या संध्याकाळपासून ओटीवर भूतकाळातही गाय चरू लागली. कुंडलिकला त्या नावाची बाई नुसती वाक्यापुरतीच माहीत. त्यानं थट्टा केली, “काय मास्तर, धोंडा म्हायेरी गेली का? गाईवरच भागवताय!” बाकीचे हसले. मास्तर हसले नाहीत.

रतनला वाटलं होतं, आपण जिंकलो की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. सवत गेली, पण रिकाम्या जागी रतनला कुणी बसवलं नव्हतं. तिथं गाय उभी होती. चार दिवस तिनं ती गाय सोसली. मग पान वाढताना म्हणाली, “आवो, तिला आणा म्हागारी. पर हॅडला नंतरचं लागतंय म्हणता न्हवं? मग नंतरची कोण, त्ये बी सांगा.”

मास्तर मान खाली घालून जेवत राहिले. पण संध्याकाळी वर्ग भरल्यावर त्यांनी घसा साफ केला. अंगणात लिंबोणीचं झाड होतं, त्याच्याकडं एकदा बघून ते फळ्यावर लिहिता लिहिता सावकाश म्हणाले, “धोंडा हॅड प्लँटेड द लेमन ट्री बिफोर… बिफोर रतन केम.”

आत रतननं ते ऐकलं. तिचं नाव, चार माणसांत! पण दुसऱ्याच क्षणी वाक्याचा अर्थ डोक्यात शिरला आणि ती उंबऱ्यापाशी येऊन थडकली. परक्या पुरुषांपुढं ती कधी बोलली नव्हती.

“लिंबोणी म्या लावलीया! पानी बी म्याच घातलं. तिचं तर हितं पाऊल बी पडलं न्हाई!”

कारकून बघतच राहिले. कुंडलिक पुटपुटला, “म्हंजे रतन म्हंजी… वयनी?”

मास्तरांचे कान लाल झाले. “अगं, उदाहरण होतं ते. व्याकरणापुरतं.”

“व्याकरणाला बी माजीच लिंबोणी द्याची व्हय?”

मास्तरांनी खडू घेतला, फळ्यावरचं वाक्य पुसलं आणि नवं लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं, “रतन प्लँटेड द लेमन ट्री.”

“आन हॅड, मास्तर?” कुंडलिकनं विचारलं.

“हॅड नको. इथं आधीचं काही नाही.”

रतन आत वळली. भाकरी करपायला लागली होती. ती उलटता उलटता तिच्या ध्यानात आलं, की ते ‘इथं’ म्हणाले. म्हणजे वेल्ह्याला होतंच. तिनं भाकरी जरा जोरातच तव्यावर आदळली, आणि ओटीवर पुढचं वाक्य कुणाचं येतंय तिकडं कान दिला.