सौम्य भाषेतली नोटीस

वर्तकनगरच्या आमच्या जुन्या इमारतीत भांडणं जिन्यात व्हायची. "ओ काकू, तुमची मिरचीची फोडणी आमच्या डोळ्यांत गेली!" असं खालच्या मजल्यावरची बाई ओरडायची. आई वरूनच म्हणायची, "मग डोळे मिटून बस, भाकरी पाठवते." ती इमारत पाडून टॉवर झाला. आता सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्यावर विनम्र निवेदनं येतात. भांडणं संपली, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

वडील गेल्यावर आई कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग तिने जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. कळव्याची एक शिक्षिका, जवळपासची दोन म्हातारी जोडपी, परीक्षेची तयारी करणारी काही मुलं. डबे सुरू झाले आणि ती पुन्हा वेळेवर उठायला, बोलायला लागली.

सोसायटीचा सेक्रेटरी माझा शाळेपासूनचा मित्र. रविवारी तो आमच्याकडेच जेवायचा. अशाच एका रविवारी त्याने ताटावर बसल्या बसल्या खिशातून कागद काढला.

"तू पेपरातला माणूस. जरा भाषा बघ ना."

कागदावर होतं: 'बी विंगमधल्या केकवाल्या बाईने घराची बेकरी केली आहे. वासाने डोकं उठतं. डिलिव्हरीवाले लिफ्ट अडवतात. हे ताबडतोब बंद करावे.'

"अरे, मग हे आईलाही लागू होईल," मी म्हणालो.

"काकूंचं काय घेऊन बसलास? काकू घरच्या." मग आत वळून, "काकू, अजून एक पोळी!"

अर्धं आयुष्य मी उपसंपादक होतो. समोर आलेली कॉपी सुधारायची, व्यक्तीवरचा रोख काढायचा, मुद्दा ठेवायचा, ही सवय. बी विंग काढली. केकवाली काढली. 'डोकं उठतं'च्या जागी 'गैरसोय होते' केलं. उरलं ते असं: 'निवासी सदनिकेत खाद्यपदार्थांचा व्यवसाय केल्याने इतर सभासदांची गैरसोय होते. तो महिनाअखेर बंद करून सहकार्य करावे, ही विनंती.' कुणालाही लागणार नाही अशी भाषा जमली म्हणून मला बरं वाटलं.

चार दिवसांनी हीच वाक्यं सोसायटीच्या लेटरहेडवर आईच्या नावाने आली. मी बी विंगमध्ये जाऊन चौकशी केली. केकवाली बाई गणपतीआधीच, म्हणजे तो कागद माझ्यासमोर येण्याच्या कितीतरी आधी, घर सोडून डोंबिवलीला गेली होती.

मित्राने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

"पर्सनली घेऊ नकोस रे. कमिटीत सगळ्यांचंच म्हणणं होतं."

"तुझंही?"

"काकूंना तोंडावर कसं सांगणार मी? म्हटलं, तुझ्या हातचं असेल तर मऊ लागेल. आणि बी विंग तूच काढलीस, मी नाही सांगितलं."

हे खरं होतं. तो ग्रुपवर लिहितो तशाच शांत आवाजात बोलत होता.

घरी आलो तेव्हा आई नोटीस दुसऱ्यांदा वाचत होती.

"हे तुझं लिहिणं आहे ना?"

"भाषा माझी आहे. तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं."

"मग कुणासाठी?"

मी केकवाल्या बाईचं सांगितलं. आई ऐकून घेऊन म्हणाली, "तीपण कुणाची तरी आईच असेल की."

नोटिशीविरुद्ध लढू, मी अर्ज लिहितो, असं मी म्हणालो. तिने नाही म्हणून मान हलवली. ज्याला इतकी वर्षं पोळ्या वाढल्या, त्याच्याशी कागदावर भांडायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. चष्मा सापडत नव्हता म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला आणि डबा घेणाऱ्यांना पाठवायचा निरोप सांगायला लागली.

"लिही. एक तारखेपासून डबा बंद. बिल्डिंगीतल्यांना नको आहे."

मी 'काही अपरिहार्य कारणांमुळे' असं टाइप करायला लागलो होतो. तिने माझं मनगट धरलं.

"मी सांगितलं तेवढंच."

मी तेवढंच पाठवलं.